दंतरोपण किडत नाही, पण त्याभोवतीचे हाड झिजू शकते

नवी दिल्ली : काढून टाकलेल्या दाताच्या जागी बसवलेले टायटॅनियमचे रोपण किडत नाही आणि त्याला रूट कॅनॉलचीही गरज भासत नाही. मात्र ज्या हिरडीतून ते बाहेर येते आणि ज्या हाडात ते रुतलेले असते, ती दोन्ही शरीराची जिवंत अंगे आहेत. जंतूंमुळे त्यांना दाह होऊ शकतो. सुरुवातीच्या अवस्थेत लक्ष दिले, तर हा दाह बरा होतो. दुर्लक्ष झाले, तर तो हाडापर्यंत उतरतो आणि एकदा झिजलेले हाड पूर्वीसारखे भरून येईल, याची शाश्वती नसते.

दंतरोपण, म्हणजेच डेंटल इम्प्लांट, आता महानगरांपुरते मर्यादित राहिलेले नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणीही ही सोय उपलब्ध झाली आहे. एका दातासाठी हजारो रुपये मोजल्यानंतर ‘आता हा दात जन्मभर टिकेल, काळजीचे कारण उरले नाही’ अशी समजूत अनेकांची होते. रोपण अनेक वर्षे टिकते, हे खरेच आहे. परंतु त्या टिकण्यामागे रोजची स्वच्छता आणि नियमित तपासणी या दोन अटी आहेत. त्या पाळल्या न गेल्यास काय घडते आणि ते वेळीच कसे ओळखावे, याचा हा आढावा.

हाडाशी एकजीव होणारा धातू

आधुनिक दंतरोपणाचा पाया स्वीडनमध्ये घातला गेला. १९५२ मध्ये संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोगानंतर काढता येईना. हाड त्याला घट्ट धरून बसले होते. टायटॅनियम आणि हाड यांच्या या थेट जोडणीचा उपयोग त्यांनी पुढे दातांसाठी केला. १९६५ मध्ये गोटेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाला अशी रोपणे बसवण्यात आली. त्या रुग्णाने ती चार दशकांहून अधिक काळ वापरली.

रोपणाचे साधारणतः तीन भाग असतात. हाडात बसणारा स्क्रूसारखा भाग हा दाताच्या मुळाचे काम करतो. त्यावर हिरडीतून वर येणारा जोडखांब असतो आणि सर्वांत वर, तोंडात दिसणारी कॅप असते. यांपैकी जोडखांब आणि हिरडी जेथे भेटतात, ती जागा सर्वांत नाजूक होय. तेथे तोंडातील जंतुयुक्त वातावरण आणि शरीराचा आतला भाग यांच्यामध्ये हिरडीची एक अरुंद पट्टी एवढेच संरक्षण उरते.

एका विकाराच्या दोन पायऱ्या

दात असो वा रोपण, तोंडातील प्रत्येक कठीण पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर साचत राहतो. त्यालाच प्लाक म्हणतात. तो रोजच्या रोज निघाला नाही, तर हिरडीला दाह होतो. नैसर्गिक दाताभोवती हे घडले की त्याला हिरडीचा दाह आणि पुढच्या टप्प्यावर पायोरिया म्हटले जाते. रोपणाभोवतीच्या विकाराचेही असेच दोन टप्पे आहेत.

पहिल्या टप्प्याला वैद्यकीय भाषेत पेरि-इम्प्लांट म्युकोसायटिस असे नाव आहे. यात दाह केवळ हिरडीपुरता मर्यादित असतो. हिरडी लालसर दिसते, थोडी सुजते आणि स्पर्श झाल्यास तिच्यातून रक्त येते. हाड मात्र शाबूत असते. दुसऱ्या टप्प्याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. यात दाहाबरोबर रोपणाभोवतीचे आधाराचे हाडही झिजू लागते.

या दोन टप्प्यांमधील सीमारेषा रुग्णाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. पहिला टप्पा उलटवता येतो. स्वयंसेवकांनी तीन आठवडे रोपणाभोवतीची स्वच्छता थांबवली असता हिरडीला दाह होतो आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर तो ओसरू लागतो, हे प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. मात्र तो पूर्ण ओसरायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागू शकतो. दुसऱ्या टप्प्यात ही सवलत राहत नाही. तेथे उपचारांचा मुख्य हेतू झीज थांबवणे हा असतो. गेलेले हाड परत मिळवणे काही निवडक रुग्णांतच आणि काही अंशीच शक्य होते.

रोपणाभोवती दाह वेगाने का पसरतो?

नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे पातळ अस्तर असते. हिरडीतील तंतूही दाताच्या मुळात आडवे घुसून त्याला घट्ट बांधून ठेवतात. या रचनेत रक्तवाहिन्या विपुल असतात. त्यामुळे जंतूंचा प्रादुर्भाव झाला, तरी शरीराच्या संरक्षक पेशी तेथे लवकर पोहोचतात. दाह झालेला भाग आणि हाड यांच्यामध्ये निरोगी तंतूंची एक भिंतही टिकून राहते.

रोपणाला हे अस्तर नसते. हिरडीतील तंतू धातूत शिरू शकत नाहीत. ते त्याला समांतर किंवा त्याच्याभोवती कड्यासारखे राहतात. रक्तपुरवठाही तुलनेने कमी असतो. परिणामी दाह सुरू झाला की तो अधिक मोठ्या भागात पसरतो आणि हाडाला भिडण्यापूर्वी त्याला अडवणारी तंतूंची भिंत अनेकदा नसते. रुग्णांमधून घेतलेल्या ऊतींच्या तपासणीत, पायोरियाच्या तुलनेत रोपणाभोवतीची दाहग्रस्त जागा दुपटीहून मोठी आढळली आहे. हाडाची झीज एकसारख्या गतीने न होता काळानुसार वेग घेते, असेही दीर्घकालीन निरीक्षणांतून दिसून आले आहे.

अस्तर नसल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे संवेदनांचा अभाव. नैसर्गिक दाताखाली बारीकसा खडा आला, तरी तो तत्काळ जाणवतो. ही जाणीव त्या अस्तरातील चेतातंतूंमुळे होते. रोपणाला तशी जाणीव नसते. त्यामुळे धोक्याची सूचना देणारी वेदनाही येथे उशिराच मिळते, काही वेळा मिळतही नाही.

प्रमाण किती?

जगभरातील निरनिराळ्या पाहण्यांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यानुसार रोपण बसवलेल्या रुग्णांपैकी सरासरी ४३ टक्क्यांमध्ये पहिल्या टप्प्याचा दाह आणि २२ टक्क्यांमध्ये दुसऱ्या टप्प्याचा विकार आढळला. वेगवेगळ्या अभ्यासांनी व्याख्या वेगवेगळ्या वापरल्यामुळे या आकड्यांत मोठी तफावत होती. स्वीडनमध्ये रोपणानंतर सुमारे नऊ वर्षांनी केलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४५ टक्के रुग्णांमध्ये काही ना काही प्रमाणात हाडाची झीज आणि दाह एकत्र दिसला. २ मिलिमीटरहून अधिक झीज असलेल्यांचे प्रमाण १४.५ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ रोपणे अपयशी ठरतात, असा नाही. दाह असलेली अनेक रोपणे योग्य उपचारांनंतर वर्षानुवर्षे काम देतात. मात्र रोपण बसवलेल्या व्यक्तीने दाहाची शक्यता गृहीत धरूनच निगा राखली पाहिजे, हे त्यांवरून स्पष्ट होते.

धोका कोणाला अधिक?

अमेरिकेतील आणि युरोपातील हिरडीविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये शिकागो येथे एकत्र येऊन या विकारांची नवी वर्गवारी निश्चित केली. उपलब्ध पुराव्यांची छाननी केल्यानंतर त्यांनी तीन गोष्टी सर्वाधिक धोकादायक मानल्या : पूर्वी गंभीर पायोरिया झालेला असणे, रोपणाची अपुरी स्वच्छता आणि नियमित तपासणीचा अभाव.

यांपैकी पहिली गोष्ट बारकाईने समजून घेण्याजोगी आहे. पायोरियामुळे दात गमावलेल्या व्यक्तीच्या तोंडात त्या विकाराला कारणीभूत ठरलेले जंतू, सवयी आणि शरीराची प्रवृत्ती कायम असते. उरलेल्या दातांचा पायोरिया आटोक्यात न आणताच रोपण बसवले, तर ज्या कारणाने दात गेला त्याच कारणाने रोपणही धोक्यात येते. म्हणून आधी हिरड्यांवर उपचार आणि मग रोपण, हा क्रम तज्ज्ञ आवश्यक मानतात.

मधुमेह आणि धूम्रपान यांचा थेट संबंध किती, याबाबतचे पुरावे २०१७ च्या परिषदेला निर्णायक वाटले नाहीत. तरीही अनेक अभ्यासांत हे दोन्ही घटक वाढत्या धोक्याशी निगडित आढळले आहेत. रक्तातील साखर अनियंत्रित असल्यास जखमा उशिरा भरतात आणि जंतुसंसर्गाचा प्रतिकार कमी होतो. भारताच्या दृष्टीने हा मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले होते.

तंबाखूचा धूर हिरडीचा रक्तपुरवठा घटवतो. त्यामुळे दाह असूनही रक्त कमी येते आणि पहिली खूण झाकली जाते. महाराष्ट्र, गोवा आणि लगतच्या भागांत दात घासण्यासाठी वापरली जाणारी मिश्री ही भाजून कुटलेली तंबाखूच असते. तिने दात स्वच्छ होतात, हा समज चुकीचा आहे. हिरडीवर रोज तंबाखू चोळण्याचा तो प्रकार असून रोपण असलेल्या व्यक्तीने तर तो तातडीने सोडायला हवा. गुटखा आणि तंबाखूमिश्रित सुपारी यांनाही हेच लागू आहे.

काही कारणे रुग्णाच्या हाती नसून उपचारांच्या तंत्राशी निगडित असतात. कॅप चिकटवताना वापरलेल्या सिमेंटचा अंश हिरडीखाली राहून गेला, तर त्यावर जंतूंना आश्रय मिळतो. कॅपचा आकार अवाजवी फुगीर असेल, तर ब्रश योग्य जागी पोहोचतच नाही. रोपण चुकीच्या कोनात किंवा हाडाच्या फार कडेला बसवले गेल्यासही पुढे अडचणी उद्भवतात. रोपणाभोवती घट्ट, न हलणाऱ्या हिरडीची पट्टी फारच अरुंद असल्यास ब्रश करताना दुखते आणि रुग्ण ती जागा टाळू लागतो.

लक्षणे कोणती?

हिरडीतून रक्त येणे ही पहिली आणि सर्वांत मोलाची खूण होय. ब्रश करताना रोपणाजवळ रक्त दिसले, की अनेक जण तेथे ब्रश करणेच बंद करतात किंवा अंगठ्याने हलकेच चोळतात. त्यामुळे जंतूंचा थर वाढतो आणि दाह बळावतो. रक्त येत असताना स्वच्छता थांबवणे हा उपाय ठरत नाही. मऊ ब्रशने ती चालू ठेवून दंतवैद्याला दाखवणे आवश्यक असते.

याखेरीज हिरडीचा लालसर किंवा जांभळट रंग, सूज, हिरडी दाबल्यावर पू येणे, तोंडाला सतत दुर्गंधी किंवा विचित्र चव येणे, हिरडी खाली सरकून धातू उघडा पडणे ही लक्षणे दिसू शकतात. दुखणे नसले, तरी यांपैकी कोणतेही लक्षण दुर्लक्षिण्याजोगे नसते.

रोपण हलत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, हा सर्वाधिक फसवा समज म्हणावा लागेल. पायोरियात आधार कमी होत गेला की दात हळूहळू हलू लागतो. रोपण मात्र तळाकडच्या थोड्याशा हाडाने धरलेले असले, तरी स्थिर राहू शकते. रोपणच हलू लागले, तर हाडाशी असलेली त्याची जोडणी तुटली आहे, असे समजावे लागते. अर्थात प्रत्येक हालचाल गंभीर नसते. अनेकदा केवळ वरची कॅप किंवा आतील स्क्रू सैल झालेला असतो आणि तो घट्ट करता येतो. नेमके काय हलते आहे, हे तपासणीतूनच ठरवता येते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत येणारी सूज आणि वेदना ही निराळी बाब आहे. ती जखम भरण्याच्या प्रक्रियेचा भाग असू शकते. ती कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप येत असेल किंवा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहत असेल, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विनाविलंब कळवणे गरजेचे असते.

निदानात पहिल्या एक्स-रेचे महत्त्व

तपासणीत दंतवैद्य एका बारीक, खुणा असलेल्या सळईने हिरडी आणि रोपण यांमधील फटीची खोली हलक्या दाबाने मोजतात. या मोजणीमुळे रोपणाला इजा होईल, अशी भीती काहींना वाटते. ती निराधार आहे. मोजताना रक्त किंवा पू येतो का आणि पूर्वीच्या तुलनेत खोली वाढली आहे का, हे पाहिले जाते. त्यानंतर एक्स-रेद्वारे हाडाची पातळी तपासली जाते.

कॅप बसवल्यानंतर पहिल्या वर्षात हाडाच्या वरच्या कडेत थोडा बदल होणे स्वाभाविक मानले जाते. मात्र तो २ मिलिमीटरपर्यंत पोहोचू नये. त्यानंतरची झीज आणि सोबत दाह ही विकाराची खूण ठरते. म्हणूनच कॅप बसवल्यानंतर लगेच काढलेला एक्स-रे आणि त्या वेळची मोजमापे जपून ठेवणे अगत्याचे आहे. पुढे कधीही शंका आली, तर तुलनेसाठी हीच नोंद कामी येते.

अशी नोंद उपलब्ध नसल्यास २०१७ च्या वर्गवारीने पर्यायी निकष दिले आहेत. फटीची खोली ६ मिलिमीटर किंवा अधिक, हाडाची पातळी रोपणाच्या हाडातील भागाच्या वरच्या टोकापासून ३ मिलिमीटर किंवा अधिक खाली गेलेली आणि मोजताना रक्त किंवा पू, या तिन्ही गोष्टी आढळल्यास पेरि-इम्प्लांटायटिसचे निदान केले जाते. यावरून जुन्या नोंदीचे मोल कळते. नोंद असेल, तर लहानशी झीजही पकडता येते. नसेल, तर निदानाची खात्री होईपर्यंत बरेच हाड गेलेले असते.

उपचार कसे होतात?

पहिल्या टप्प्यात उपचार तुलनेने सोपे आहेत. दंतवैद्य रोपणावरील प्लाक आणि कठीण थर विशेष साधनांनी काढून टाकतात, कॅपचा आकार अडचणीचा असेल तर तो सुधारतात आणि रुग्णाला स्वच्छतेची पद्धत शिकवतात. काही काळ जंतुनाशक द्रावणाने चूळ भरण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून रक्त येणे थांबले का, हे पाहिले जाते.

दुसऱ्या टप्प्यातही सुरुवात याच उपायांनी होते. पण रोपणाचा पृष्ठभाग खडबडीत आणि आट्यांचा असल्याने हिरडीखाली तो पूर्ण स्वच्छ करणे कठीण जाते. दाह कायम राहिल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. तीत हिरडी उघडून दाहग्रस्त भाग काढला जातो आणि रोपणाचा पृष्ठभाग निर्जंतुक केला जातो. हाडातील खड्ड्याचा आकार अनुकूल असेल, तर तेथे हाड भरून येण्यास मदत करणारे पदार्थ वापरले जातात. अन्यथा हिरडीची पातळी खाली आणून ती जागा स्वच्छ ठेवता येईल अशी केली जाते. हाडाचा आधार फारच कमी उरला असेल किंवा रोपण हलत असेल, तर ते काढून टाकणे हाच मार्ग उरतो. पुन्हा रोपण बसवायचे झाल्यास आधी हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया लागू शकते. खर्च आणि काळ दोन्ही वाढतात.

युरोपीय हिरडीविकार महासंघाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका सवयीबाबत स्पष्ट इशारा आहे. शस्त्रक्रियेविना केल्या जाणाऱ्या उपचारांत पोटातून प्रतिजैविके नियमितपणे देऊ नयेत, असे त्या सूचना सांगतात. औषध दुकानातून परस्पर गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. गोळ्यांनी सूज काही दिवस उतरते, पण रोपणावरील जंतूंचा थर जागीच राहतो. त्यामुळे आजार दबल्यासारखा वाटतो आणि खऱ्या उपचारांचा काळ हातातून निसटतो.

हिरडीच्या पलीकडील गुंतागुंत

वरच्या जबड्यातील मागच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. तेथील रोपणाभोवतीचा संसर्ग त्या पोकळीत पोहोचल्यास एका बाजूचे नाक चोंदणे, घट्ट व दुर्गंधीयुक्त स्राव, गाल जड होणे अशी लक्षणे उद्भवू शकतात. अशा वेळी दंतवैद्याबरोबर कान-नाक-घसा तज्ज्ञांचाही सल्ला लागतो. संसर्ग चेहऱ्याच्या आणि मानेच्या ऊतींत पसरल्यास गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास त्रास होतो. ही तातडीची स्थिती असून रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते.

हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे जबड्याचे हाड भरून येण्याची क्षमता घटते. अशी औषधे किंवा इंजेक्शने सुरू असतील अथवा पूर्वी घेतली असतील, तर रोपणापूर्वी तसेच रोपणाभोवतीच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्याची माहिती देणे अनिवार्य आहे.

तंबाखूचे सेवन व्यापक असलेल्या देशात आणखी एक शक्यता नजरेआड करता येत नाही. रोपणाभोवती उद्भवलेला तोंडाचा कर्करोग सुरुवातीला साध्या दाहासारखा दिसल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. उपचार करूनही दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, वाढत जाणारी गाठ, पांढरा किंवा लाल चट्टा आढळल्यास तुकडा तपासणीसाठी पाठवून खात्री करून घेणे हिताचे असते.

घरची निगा

रोपणाची स्वच्छता नैसर्गिक दाताइतकीच, किंबहुना अधिक काटेकोर असावी लागते. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने, कॅप आणि हिरडी जेथे भेटतात त्या कडेवर लक्ष ठेवून घासावे. दोन दातांमधील जागेसाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक इंटरडेंटल ब्रश उपयुक्त ठरतो. त्याचा आकार दंतवैद्याकडून निश्चित करून घ्यावा. काही रोपणांच्या उघड्या, खडबडीत भागावर फ्लॉसचे धागे अडकून दाह वाढल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे फ्लॉस कोठे आणि कसा वापरायचा, हे विचारून घेणे इष्ट. कोळशाची पूड, वीट किंवा खरखरीत दंतमंजन टाळावे. टाचणी वा काडीने हिरडी कोरण्याची सवयही घातक ठरते.

वयोमानाने हात थरथरणारे, संधिवाताने बोटे आखडलेले किंवा पक्षाघातानंतर एक हात निकामी झालेले रुग्ण ही स्वच्छता स्वतः करू शकत नाहीत. विस्मरणाचा आजार असलेल्यांना रोपण आहे, हेच अनेकदा आठवत नाही. अशा घरांत ही जबाबदारी सांभाळ करणाऱ्यांकडे येते. जाड मुठीचा किंवा विजेवर चालणारा ब्रश यासाठी सोयीचा पडतो. रोपणांवर बसवलेली कवळी काढता येण्याजोगी असेल, तर ती काढून कवळी आणि खालील जोडखांब दोन्ही स्वच्छ करणे शक्य होते. उतारवयात रोपणाचा निर्णय घेताना, पुढील दहा-पंधरा वर्षांत त्याची निगा कोण राखणार, हा प्रश्नही विचारात घ्यायला हवा.

नियमित तपासणीचे फळ

ब्राझीलमध्ये पहिल्या टप्प्याचा दाह असलेल्या ८० रुग्णांचा पाच वर्षांनंतर आढावा घेण्यात आला. नियमित तपासणी आणि सफाई करून घेणाऱ्यांपैकी १८ टक्के रुग्णांमध्ये विकार दुसऱ्या टप्प्यात गेला. ज्यांनी तसे केले नाही, त्यांच्यामध्ये हे प्रमाण ४३.९ टक्के होते. रुग्णांची संख्या लहान असली, तरी निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे. तपासणी किती महिन्यांनी करावी, हे व्यक्तीनुसार ठरते. पायोरियाचा इतिहास, मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असलेल्यांना दर तीन-चार महिन्यांनी, तर धोका कमी असलेल्यांना अधिक अंतराने बोलावले जाते. मात्र दोन तपासण्यांमधील काळ एक वर्षाहून अधिक असू नये.

नोकरी-व्यवसायानिमित्त एका शहरातून दुसऱ्या शहरात स्थलांतर करणाऱ्यांची येथे वेगळी अडचण होते. पुण्यात बसवलेल्या रोपणाची तपासणी पुढे इंदूर, हैदराबाद किंवा बेंगळुरूत करून घ्यावी लागते. निरनिराळ्या कंपन्यांच्या रोपणांचे स्क्रू आणि ते उघडण्याची साधने वेगवेगळी असतात. कोणते रोपण बसवले आहे, हेच ठाऊक नसेल, तर नव्या दंतवैद्याला साधी कॅप काढणेही अवघड जाते. म्हणून रोपण बसवतानाच कंपनीचे नाव, प्रकार, लांबी-रुंदी, बसवल्याची तारीख, कॅप स्क्रूने बसवली की सिमेंटने, आणि पहिला एक्स-रे ही सर्व माहिती लेखी मागून घ्यावी व त्याची छायाचित्रे मोबाइलमध्येही ठेवावीत.

रोपणाचा निर्णय घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. हिरड्यांचा विकार आहे का आणि तो आधी बरा केला जाणार का? कॅपभोवती ब्रश पोहोचेल, अशी रचना असेल का? नंतरच्या तपासण्यांचा खर्च किती आणि त्या कोण करणार? दाह झाल्यास उपचारांची सोय येथेच आहे की हिरडीविकार तज्ज्ञांकडे पाठवले जाईल? ज्यांच्या तोंडात रोपण आधीच आहे, त्यांच्यासाठी मात्र आज करण्याजोगी गोष्ट एकच आहे. आरशासमोर उभे राहून रोपणाभोवतीची हिरडी नीट पाहावी. ती लाल दिसत असेल, सुजली असेल किंवा ब्रशला रक्त लागत असेल, तर दुखण्याची वाट न पाहता याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. हाड शाबूत असेपर्यंत विकार परतवून लावता येतो.